ताबा मिळाल्यानंतर इमारतीची देखभाल : अभियंत्याकडून कोणते काम, कोणत्या क्रमाने करून घ्यावे

खानदेशात इमारतीच्या दुरुस्तीचा क्रम बहुधा उलटा चालतो. जूनमध्ये स्लॅब गळू लागला की वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावले जाते, दिवाळीआधी रंगारी येऊन पोपडे खरवडतो आणि पुट्टी भरतो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी सळई उघडी पडली की कोणीतरी सुचवते, आता एखाद्या इंजिनिअरला दाखवून घेऊ. तोपर्यंत दोनदा पैसे गेलेले असतात आणि ज्या खुणांवरून दोषाचे मूळ ओळखता आले असते, त्या रंगाखाली झाकल्या गेलेल्या असतात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत पाहणीसाठी जाताना मला हेच चित्र वारंवार दिसते. म्हणून गृहनिर्माण संस्थांच्या समित्या, शाळा आणि दवाखाने चालवणारे विश्वस्त आणि स्वतःचा बंगला असलेले घरमालक यांच्यासाठी हा क्रम सविस्तर लिहीत आहे.

तयारी : कोणत्या अभियंत्याला कशासाठी बोलवावे

बांधकामाच्या वेळी साईटवर असलेला अभियंता हा विकासकाचा माणूस असतो, आणि काम संपल्यावर त्याची जबाबदारी आपल्यापुरती संपते. त्यानंतर आपल्याला तीन वेगवेगळ्या माणसांची गरज पडते. पहिला म्हणजे देखभाल पाहणारा स्थापत्य अभियंता, जो वर्षातून ठरावीक वेळा फेरी मारतो, नोंदी ठेवतो आणि लहान दुरुस्त्यांवर देखरेख करतो. दुसरा म्हणजे संरचना अभियंता, ज्याला आपल्याकडे आरसीसी कन्सल्टंट म्हणतात. कॉलम, बीम, स्लॅब यांना धक्का लागेल असा कोणताही निर्णय त्यानेच घ्यावा. तिसरा म्हणजे परवानाधारक विद्युत अभियंता किंवा ठेकेदार. लहान इमारतीत पहिली दोन कामे एकच व्यक्ती करू शकते, मात्र तिच्याकडे संरचनेच्या आकडेमोडीचा अनुभव असला पाहिजे.

सावधान : दुरुस्तीचे साहित्य विकणाऱ्या किंवा दुरुस्तीचा ठेका घेणाऱ्या माणसाकडून मोफत पाहणी करून घेऊ नये. ज्याला काम मिळणार आहे, त्यानेच काम किती आहे हे ठरवले, तर त्या अहवालावर विसंबता येत नाही.

टप्पा १ : कागदपत्रे ताब्यात घेणे

देखभालीची सुरुवात कागदांपासून होते आणि बहुतेक संस्था इथेच चुकतात. मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र जपून ठेवलेले असते, परंतु पुढील वीस वर्षे खरोखर उपयोगी पडणारे कागद कोणी मागत नाही. अभियंत्याला सोबत घेऊन विकासकाकडून पुढील गोष्टी लेखी पत्राने मागाव्यात.

१. पायापासून गच्चीपर्यंतची आरसीसी रेखाचित्रे, ज्यांत सळ्यांचा व्यास, अंतर आणि काँक्रीटची प्रत दिलेली असते.
२. माती परीक्षणाचा अहवाल आणि पायाचा प्रकार.
३. प्रत्यक्ष जसे बसवले तसे पाण्याच्या, सांडपाण्याच्या आणि विजेच्या वाहिन्यांचे नकाशे.
४. काँक्रीटच्या क्यूब चाचण्यांचे निकाल.
५. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा आणि वॉटरप्रूफिंग यांची हमीपत्रे.

रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्याच्या कलम १७ नुसार आवश्यक कागदपत्रे आणि नकाशे सुपूर्द करणे हे विकासकाचे कर्तव्य आहे. जुनी इमारत असेल आणि काहीच मिळत नसेल, तर अभियंत्याकडून मोजमाप घेऊन निदान कॉलम, बीम आणि वाहिन्या दाखवणारा नकाशा तयार करून घ्यावा. हा खर्च वाया जात नाही, कारण नंतर ड्रिल मारताना, भिंत पाडताना आणि गळती शोधताना तोच नकाशा उघडावा लागतो.

पडताळणी : माती परीक्षण अहवालात काळ्या मातीच्या थराची खोली दिली आहे का, हे अभियंत्याला विचारावे. पाचव्या टप्प्यात तिचा उपयोग होणार आहे.

टप्पा २ : पहिली पाच वर्षे

रेराच्या कलम १४ मध्ये, ताब्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील, कारागिरीतील, दर्जातील किंवा सेवांमधील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, अशी तरतूद आहे. तिचा लाभ न मिळण्याचे कारण बहुधा एकच असते : तक्रार तोंडी किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर केलेली असते आणि तिच्यात फक्त 'गळते आहे' एवढेच लिहिलेले असते.

दर वर्षी एकदा, आणि पाचवे वर्ष संपण्यापूर्वी किमान सहा महिने आधी, अभियंत्याकडून सदनिकावार दोषसूची करून घ्यावी. प्रत्येक दोषासमोर जागा, लांबी-रुंदी, छायाचित्र, तारीख आणि संभाव्य कारण असावे. 'बी विंग, तिसरा मजला, नहाणी ट्रॅपखालील स्लॅबला ६० बाय ४० सेंटीमीटर ओल, बाराही महिने कायम' अशा नोंदीला उत्तर देणे विकासकाला टाळता येत नाही. सूची नोंदणीकृत टपालाने पाठवावी आणि पोच जपून ठेवावी.

सावधान : या काळात रहिवाशांनी स्वतः टाईल्स फोडल्या, गच्चीवर ड्रिल मारले किंवा भिंती हलवल्या, तर दोष नेमका कोणाचा हा वाद उभा राहतो. असे बदल अभियंत्याच्या लेखी मान्यतेशिवाय होऊ देऊ नयेत.

टप्पा ३ : वर्षातील तीन फेऱ्या

पाहणीचे वेळापत्रक आपल्या हवामानावर बसवावे लागते. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, जुलैत जमीन पाण्याने फुगते आणि जानेवारीच्या पहाटे चांगलीच थंडी असते. या तिन्ही अवस्थांत इमारत वेगवेगळी वागते, म्हणून फेऱ्याही तीन.

पहिली फेरी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास. गच्चीवरील पावसाळी पाईपांची तोंडे, जाळ्या, कठडा आणि स्लॅब यांच्या सांध्यातील वाटा, एक्स्पान्शन जॉइंटमधील (प्रसरणासाठी ठेवलेल्या फटीतील) भरण, जोत्याभोवतीची फरशी आणि चेंबरची झाकणे पाहावीत. दुरुस्ती मृगापूर्वी पूर्ण व्हावी, एवढा अवधी हाताशी राहतो.

दुसरी फेरी पोळ्याच्या आसपास, भर पावसात. ही फेरी सर्वांत उपयोगी असूनही तीच टाळली जाते. पाणी कुठून येते हे पाऊस चालू असतानाच दिसते. कोरड्या दिवसांत ओलीचे फक्त डाग राहतात.

तिसरी फेरी दिवाळीनंतर. मोठ्या दुरुस्त्यांचे नियोजन या फेरीत होते, कारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ गिलावा आणि काँक्रीटच्या कामासाठी आपल्याकडे सर्वांत अनुकूल आहे.

प्रत्येक फेरीत गच्चीवर किती वजन वाढले याची नोंद झाली पाहिजे. नळाला अनेक दिवसांआड पाणी येत असल्याने आपल्याकडे प्रत्येक कुटुंब गच्चीवर प्लॅस्टिकची जादा टाकी चढवते. हजार लिटरची टाकी भरली की तिचे वजन एक टन होते आणि ते सुमारे एका चौरस मीटरवर येते, तर वावर असलेल्या गच्चीची रचना साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो चल-भार (माणसे, सामान यांचे वजन) धरून केलेली असते. टाकी ठेवायचीच असेल, तर ती कॉलमवर किंवा बीमवर येईल अशी जागा अभियंत्याने खडूने आखून द्यावी. मातीचे वाफे, पत्र्याचे शेड आणि सौर पॅनेल यांनाही हाच नियम लागू आहे. सौर पॅनेलचे पाय स्लॅबमध्ये बोल्ट मारून बसवले, तर वॉटरप्रूफिंगला तितकी छिद्रे पडतात. संरचना अभियंत्याला भार दाखवून, वाऱ्याचा जोर धरून काढलेल्या वजनाच्या काँक्रीट ठोकळ्यांवर ते बसवता येतात का, हे आधी विचारावे.

टप्पा ४ : पाण्याचा माग काढणे

देखभालीतले निम्मे शहाणपण या टप्प्यात आहे, म्हणून इथे घाई करू नये. ओल दिसते ती जागा आणि पाणी शिरते ती जागा क्वचितच एक असते. स्लॅबमधून पाणी सळईच्या किंवा विजेच्या पाईपच्या आधाराने दोन-दोन खोल्या ओलांडून खाली उतरते.

सर्वप्रथम ओलीचे वेळापत्रक विचारावे. ओल बाराही महिने सारखी असेल, तर पाण्याची किंवा सांडपाण्याची वाहिनी तपासावी. पाऊस सुरू झाल्यावर काही तासांत दिसत असेल, तर गच्ची, कठडा किंवा बाहेरची भिंत तपासावी. फक्त एप्रिल ते जून दिसत असेल, तर खिडकीबाहेर पाहावे : तिथे बहुतेक वेळा कूलर असतो. खानदेशात कूलर चार महिने अखंड चालतो, त्याचे बोअरचे क्षारयुक्त पाणी छज्जावर ठिबकत राहते, आणि काही वर्षांत छज्जाच्या खालच्या बाजूला पांढऱ्या क्षारांच्या रेघा, त्यांच्यामध्ये तांबूस डाग आणि मग लांबट तडा दिसू लागतो. रस्त्यावर कोसळणारे छज्जे मी पाहिले आहेत, त्यांपैकी बऱ्याच ठिकाणी वर कूलरचा स्टँड होता. कूलरच्या तळाला ट्रे आणि त्यातून खाली नेणारी नळी बसवणे हे पाचशे रुपयांच्या आतले काम आहे, परंतु ते संस्थेच्या नियमात आणून प्रत्येकाकडून करून घ्यावे लागते.

त्यानंतर चाचण्या पुढील क्रमाने कराव्यात.

१. रात्री सर्व नळ बंद करून गच्चीवरील टाकीच्या पातळीला खूण करावी आणि पहाटे पुन्हा पाहावी. पातळी उतरली, तर पाणीपुरवठ्याची वाहिनी, व्हॉल्व्ह किंवा टाकीच गळते आहे.
२. एकेका स्वच्छतागृहाचा नहाणी ट्रॅप बंद करून तिथे पाणी साठवावे आणि खालच्या मजल्यावर २४ तास लक्ष ठेवावे. दोन स्वच्छतागृहे एकाच दिवशी तपासू नयेत.
३. सांडपाण्याच्या वाहिनीत रंगाचे पाणी सोडून ते डक्टमध्ये किंवा चेंबरबाहेर कुठे दिसते ते पाहावे.
४. शेवटी गच्चीचे विटांच्या बांधाने भाग पाडून एकेका भागात पाच-सात सेंटीमीटर पाणी २४ ते ४८ तास उभे करावे.

एका संस्थेत वरच्या मजल्यावरील गळतीसाठी तीन वर्षांत दोनदा संपूर्ण गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाले होते. मी गेलो तेव्हा एप्रिल होता, महिनाभर पावसाचा थेंब नव्हता, आणि तरीही छताला हात लावला की बोट ओले होत होते. टाकीच्या पातळीची पहिलीच चाचणी केली. सकाळी पातळी चार बोटे उतरलेली होती. कठड्यातून जाणाऱ्या पाईपचा एक एल्बो तडकलेला निघाला. दोन्ही वॉटरप्रूफिंगच्या खर्चापुढे त्याची किंमत सांगण्यासारखीही नव्हती, आणि तोपर्यंत त्या स्लॅबच्या सळ्या गंजू लागल्या होत्या.

पडताळणी : पाण्याचा स्रोत सापडला, बंद झाला आणि त्यानंतर भिंत किमान दोन-तीन आठवडे सुकत गेली, हे नोंदवहीत लिहिल्याशिवाय पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा ५ : तडे वाचणे

तडा हा अनेक कारणांचा एकच चेहरा असतो, म्हणून तो भरण्याआधी त्याची दिशा, जागा, रुंदी आणि हालचाल या चार गोष्टी अभियंत्याने लिहिल्या पाहिजेत.

वीटकाम आणि कॉलम यांच्या सांध्यावर सरळ उभी केसाएवढी रेघ असेल, तर ती बहुधा दोन वेगळ्या साहित्यांच्या आकुंचनाची असते. गिलाव्याखाली चिकन मेश (बारीक तारेची जाळी) लावली नसल्याचे ते लक्षण आहे आणि त्यात धोका नाही. सर्वांत वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या लगेच खाली आडवा तडा असेल, तर तो उष्णतेचा. काँक्रीटचा तीस मीटर लांब स्लॅब तापमानात तीस अंशांचा फरक पडला, तर सुमारे नऊ मिलिमीटर लांबतो, आणि खालची भिंत तितकी लांबत नाही. अशा ठिकाणी तडा दर वर्षी भरण्यापेक्षा गच्चीवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा थर देणे आणि एक्स्पान्शन जॉइंटचे वाळलेले भरण बदलणे हा खरा उपाय असतो.

दार-खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्यापायऱ्यांनी तिरपा वर जाणारा तडा पायाची हालचाल दाखवतो. तापी, गिरणा आणि पांझरा यांच्या खोऱ्यांतील काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती आपल्या जोत्याखालीही असते. ऋतूनुसार होणारी ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत जाणवते असे धरून खोल काळ्या मातीत अंडररीम पाईल (तळाशी फुगीर असलेले खोल खांब) घेतात. ज्या जुन्या घरांचा पाया त्याहून उथळ आहे, तिथे एका कोपऱ्याला पाणी लागले आणि दुसरा कोपरा कोरडा राहिला की भिंत तिरपी तडकते.

म्हणून अशा तड्यावर एक वर्ष लक्ष ठेवावे, हे मी आग्रहाने सांगतो. गिलावा खरवडून विटेवर, तड्याच्या आडवी, पातळ काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवावी आणि तिच्यावर तारीख लिहावी. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तिथेही तारीख लिहावी. काच आखाजीला लावून पोळ्याला आणि पुन्हा संक्रांतीनंतर पाहावी. एका बंगल्यात अशी काच दीड महिन्यात, पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या आठवड्यात फुटली. त्या कोपऱ्याबाहेर खणले, तेव्हा बागेला पाणी देणाऱ्या नळाखालचे चेंबर खालून फुटलेले होते आणि सांडपाणी थेट पायाशी मुरत होते. चेंबर बांधून काढले, जोत्याभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेली फरशी केली आणि दुसरी काच लावली. ती पुढचा पूर्ण पावसाळा अखंड राहिली, आणि मगच तडा भरला.

काँक्रीटमधील तडे वेगळे वाचावे लागतात. कॉलमच्या कडेला सळईच्या रेषेत उभा तडा आणि त्यातून तांबूस डाग म्हणजे आत गंज धरला आहे. गंज मूळ लोखंडाच्या दुप्पट ते सहापट जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकानुसार सर्वसाधारण परिस्थितीत ०.३ मिलिमीटरपर्यंतच्या आणि सतत ओलाव्यात असलेल्या भागात ०.२ मिलिमीटरपर्यंतच्या पृष्ठभागावरील तड्याची रुंदी चालवून घेतली जाते. अर्थात गंजाच्या डागासह असलेला तडा कितीही बारीक असला, तरी त्याला ही सवलत नाही.

सावधान : बीमच्या टोकाजवळ, कॉलमला लागून, सुमारे ४५ अंशांत तिरपा तडा दिसल्यास त्या खोलीतील माणसे आणि वजन त्याच दिवशी हलवावे, स्टीलचे प्रॉप (आधाराचे खांब) लावावेत आणि संरचना अभियंत्याला बोलवावे. प्रॉप फक्त त्या मजल्यावर लावून थांबू नये. तो भार खालच्या स्लॅबवर जातो, म्हणून त्याच रेषेत जमिनीपर्यंत प्रॉप लावले पाहिजेत.

टप्पा ६ : चाचण्या आणि संरचनात्मक लेखापरीक्षण

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे लेखापरीक्षण दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी करायचे असते. केवळ छायाचित्रे आणि 'इमारत दुरुस्तीयोग्य आहे' असे एक वाक्य म्हणजे लेखापरीक्षण नव्हे.

चांगला अभियंता आधी हातोडी हातात घेतो. प्रत्येक कॉलम, बीम आणि स्लॅबच्या तळावर हलके ठोकत जावे. खणखणीत आवाज आला, तर वरचा थर घट्ट आहे. बद्द आवाज आला, तर तो सळईपासून सुटला आहे. अशा जागा खडूने आखून नकाशावर घ्याव्यात. त्यानंतरच यंत्रांकडे वळावे.

रिबाउंड हॅमर पृष्ठभागाचा टणकपणा सांगतो, आतले काही सांगत नाही, त्यामुळे एकट्या हॅमरच्या आकड्यांवर काँक्रीटची ताकद ठरवू नये. अल्ट्रासॉनिक चाचणीत ध्वनीचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरपेक्षा कमी आला, तर काँक्रीट शंकास्पद मानतात. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉलफ्थॅलीन फवारले, की निरोगी काँक्रीट गुलाबी होते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडने अल्कधर्म गमावलेले रंगहीन राहते. रंगहीन थर सळईपर्यंत पोहोचला असेल, तर तिला गंजापासून वाचवणारे कवच संपले आहे. स्लॅबला २० आणि कॉलमला ४० मिलिमीटर कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) अपेक्षित असताना प्रत्यक्षात किती निघते, तेही त्याच वेळी मोजावे. हाफ-सेल चाचणीत कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडने मोजलेला विभव उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण आला, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरतात. कोअर (काँक्रीटचे दंडगोल नमुने) काढायचे असतील, तर निदान तीन काढावेत आणि जागा संरचना अभियंत्याने दाखवावी.

पडताळणी : अहवालात प्रत्येक चाचणीची जागा नकाशावर आहे का, तातडीची, वर्षभरात करण्याची आणि केवळ लक्ष ठेवण्याची अशी दोषांची विभागणी आहे का, आणि प्रत्येक दोषासमोर कारण लिहिले आहे का, हे पाहूनच अहवाल स्वीकारावा.

टप्पा ७ : अंदाजपत्रक आणि ठेका

अहवाल मिळताच थेट ठेकेदार बोलावणे ही पुढची नेहमीची चूक आहे. अभियंत्याने आधी कामाच्या बाबी, प्रमाण, साहित्याची प्रत आणि मोजमापाची पद्धत लिहून अंदाजपत्रक करावे, आणि तेच कागद सर्व ठेकेदारांना द्यावेत. असे केले नाही, तर एकाचा दर रंगासह, दुसऱ्याचा परांची वगळून आणि तिसऱ्याचा एकगठ्ठा येतो आणि तुलना करणे अशक्य होते. काँक्रीट दुरुस्तीचे प्रमाण फोडल्यावर नेहमीच वाढते, म्हणून चौरस फुटाचा दर ठरवावा आणि मोजमाप अभियंत्याने ठेकेदारासमोर घ्यावे. बिलाचा काही भाग एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवावा.

पैशांची तरतूद आधीपासून असावी. आदर्श उपविधींत सिंकिंग फंडासाठी (मोठ्या दुरुस्तीच्या राखीव निधीसाठी) सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधीसाठी ०.७५ टक्के वार्षिक वर्गणी सांगितली आहे. बांधकाम खर्च बारा लाख असेल, तर हे अनुक्रमे ३,००० आणि ९,००० रुपये होतात.

टप्पा ८ : दुरुस्ती करून घेणे

आधी पाणी, मग लोखंड, मग काँक्रीट आणि गिलावा, आणि सर्वांत शेवटी रंग. हा क्रम कोणत्याही सणासाठी मोडू नये. गंजलेल्या कॉलमच्या दुरुस्तीत अभियंत्याने पुढील प्रत्येक पायरीवर स्वतः उभे राहावे.

१. भार कमी करून प्रॉप लावावेत. एकाच वेळी शेजारशेजारचे कॉलम उघडू नयेत.
२. सुटलेले काँक्रीट काढताना सळईच्या मागेही सुमारे दोन सेंटीमीटर मोकळी जागा करावी. फक्त समोरची बाजू साफ केली, तर मागचा गंज पुन्हा तोच तडा काढतो.
३. सळई तारेच्या ब्रशने किंवा यंत्राने चकचकीत होईपर्यंत घासावी आणि व्हर्नियरने व्यास मोजावा. व्यास लक्षणीय घटला असेल, तर जोडसळई किती आणि किती लांबीची घालायची, ते संरचना अभियंत्याने लिहून द्यावे.
४. सळईला गंजरोधक लेप द्यावा. त्यानंतर बाँडिंग कोट लावून, तो चिकट असतानाच पॉलिमर मॉर्टर थराथराने दाबून भरावे.
५. पाणी मारण्याची पद्धत साहित्याच्या पत्रकाप्रमाणे पाळावी. साध्या काँक्रीटचे काम असेल, तर उष्ण आणि कोरड्या हवेत किमान दहा दिवस आणि मिश्र सिमेंट असल्यास चौदा दिवस ओलावा टिकला पाहिजे.

आपल्याकडे मार्चनंतर सकाळी मारलेले पाणी दुपारी बारापर्यंत उडून जाते. म्हणून ओली पोती गुंडाळून त्यांवर प्लॅस्टिक बांधावे, आणि दुपारी दोन वाजता पोत्याला हात लावून पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक माणसावर सोपवावी.

सावधान : फुगलेल्या जागी थेट सिमेंटचा लेप मारणे, सळईवर जुन्या गंजावरच रंग लावणे आणि उघड्या काँक्रीटवर पीओपीने समतल करणे, या तीन गोष्टी साईटवर दिसल्या, तर काम तिथेच थांबवावे.

गच्चीच्या कामात जुना ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) तसाच ठेवून त्यावर दुसरा कोबा चढवू देऊ नये. खालचा कोबा पाणी धरून ठेवतो आणि स्लॅबवरील वजनही वाढते. उतार दर मीटरला सुमारे एक सेंटीमीटर ठेवून, वाटा आणि पाईपांची तोंडे नीट करून, ४८ तास पाणी उभे करून खात्री पटल्यावरच त्या कामाचे बिल मंजूर करावे.

टप्पा ९ : वीज, लिफ्ट आणि अग्निशमन

अर्थिंगचा रोध मे महिन्यात मोजावा, कारण तेव्हा काळी माती आकसून इलेक्ट्रोडपासून सुटते आणि आकडा सर्वांत वाईट येतो. पावसाळ्यात घेतलेला चांगला आकडा फसवा असतो. मीटर रूमच्या छताला ओल असेल, तर तिची दुरुस्ती इतर सर्व कामांच्या आधी करावी. महाराष्ट्र आग प्रतिबंध व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ लागू असलेल्या इमारतींनी परवानाधारक संस्थेकडून अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये घ्यायचे असते. लिफ्टच्या खड्ड्यात पावसाचे पाणी साचते का, हे दुसऱ्या फेरीत पाहावे.

टप्पा १० : नोंदवही

एक जाड बांधीव वही ठेवावी आणि तिची प्रत दर वर्षी स्कॅन करावी. प्रत्येक फेरीची तारीख, दिसलेले दोष, काढलेली कारणे, वापरलेले साहित्य, ठेकेदार, मोजमाप आणि हमीची मुदत तिच्यात असावी. काचेच्या पट्ट्यांची जागा आणि स्थिती वेगळ्या पानावर लिहावी. समिती बदलताना किल्ल्या आणि बँकेच्या कागदांसोबत ही वही, आरसीसी रेखाचित्रांचा संच आणि अपूर्ण कामांची यादी अभियंत्याच्या उपस्थितीत नव्या चिटणीसाकडे द्यावी, त्याच दिवशी गच्चीपासून जोत्यापर्यंत एक फेरी एकत्र मारावी आणि वहीच्या त्या पानावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.